चुकीच्या ग्रुपवर गेलेली यादी

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले आणि टपालाचा घोळ सुरू झाला. बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव रेल्वेमार्गावरचं, सगळ्यांच्या माहितीचं. वर्ध्याचं सेगाव मात्र आडबाजूचं खेडं. दोन्ही नावं इतकी जवळची की एकाची पत्रं दुसरीकडे जाऊन पडत. त्या टपालात व्हाइसरॉयशी चाललेला पत्रव्यवहार असे, काँग्रेस नेत्यांच्या मनातल्या गोष्टी असत आणि कुणाकुणाची घरगुती दुखणीही असत. अखेर १९४० मध्ये गावाचं नावच बदललं, सेगावचं सेवाग्राम झालं. पत्र पाठवणाऱ्या हजारोंना ‘पत्ता नीट लिहा’ म्हणून बजावत बसण्यापेक्षा चूक होण्याची जागाच काढून टाकणं शहाणपणाचं, हे तेव्हा कुणाला तरी उमगलं होतं.

ऑफिसातल्या रोजच्या संवादातून संवेदनशील माहिती नकळत बाहेर जाते, तिला आळा कसा घालायचा, या प्रश्नाचा आढावा घेताना मी हीच कसोटी लावणार आहे. एखादा उपाय चूक होण्याची जागा काढून टाकतो, की नुसता चुकणाऱ्या माणसाला दम देतो?

आधी प्रश्न नेमका काय आहे ते पाहू. माहितीची चोरी म्हटलं की डोळ्यांपुढे हॅकर येतो. पण इथे कुणी कुलूप फोडत नाही. हिशेब सांभाळणारा लिपिक, आशाताई, निवासी डॉक्टर, शाळेतले गुरुजी, बँकेतली मुलगी अशी आपलं काम मन लावून करणारी माणसं घाईत एक बटण दाबतात आणि माहिती जायला नको तिथे जाते. कधी चुकीच्या माणसाकडे जाते. कधी योग्य माणसाकडेच जाते, पण हवी त्याहून जास्त जाते. आणि कधी काम संपल्यावरही नको तिथे पडून राहते. पहिल्या प्रकाराचा बोभाटा होतो. माझ्या मते नुकसान अधिक करतात ते उरलेले दोन, कारण त्यांना कुणी चूक म्हणतच नाही.

उदाहरणासाठी सेवाग्रामचाच जिल्हा घेऊ. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत: वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. मंत्रालयातून निघालेली माहितीची मागणी जिल्ह्याला येते, जिल्ह्यावरून तालुक्याला, तालुक्यावरून गावाला. कागदावर तिचा प्रवास आवक-जावक रजिस्टरातून होतो. प्रत्यक्षात ती व्हॉट्सॲपवरून मिनिटभरात खाली उतरते. वर ‘अतितात्काळ’, खाली ‘आज दुपारी ४ पर्यंत विहित प्रपत्रात सादर करावे, निरंक असल्यास निरंक कळवावे’. चार वाजेपर्यंत प्रपत्र भरायला वेळ नसतो, म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो. कुणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं: “मॅडमनं आताच्या आता पाठवाले सांगतलं.” ते खरंही असतं.

क्षयरोगाचं उदाहरण घ्या. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असलेल्या रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पैसे खात्यात जमा व्हायचे म्हणजे बँकेचं पासबुक हवं, आधार हवं. आशाताई रुग्णाच्या घरी जाते, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढते आणि आरोग्य केंद्राच्या ग्रुपवर टाकते. पैसे जमा होतात, रुग्णाला दूध-अंडी मिळतात, सगळं ठीक. पण तो फोटो आता कुठे कुठे आहे ते मोजून पाहा. आशाताईच्या गॅलरीत, तिच्या फोनच्या ऑनलाइन बॅकअपमध्ये, ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि डाटा एन्ट्री ऑपरेटरच्या संगणकातल्या डाउनलोडच्या फोल्डरात. ग्रुपमध्ये दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेली सिस्टर असते, कंत्राट संपलेला ऑपरेटर असतो, निवृत्त झालेले पर्यवेक्षकही असतात. त्यांना काढायचं कुणाला सुचत नाही, आणि सुचलं तरी वाईट दिसतं म्हणून राहतं. फोन संध्याकाळी घरी गेला की पोरांच्या हातात. गावात एखाद्या तरुण मुलीला टीबी आहे ही गोष्ट तिच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत कशी पोचली, याचा माग मग कुणालाच लागत नाही.

आणि यातलं बरंचसं टाळता येण्याजोगं आहे. प्रत्येक क्षयरुग्णाला निक्षयचा आयडी असतो. ‘अमुक आयडीच्या रुग्णाचं खातं जुळत नाही’ एवढा निरोप ग्रुपवर पुरतो. नाव नको, फोटो नको. एचआयव्हीच्या कामात हे बऱ्याच अंशी घडलंही आहे. तिथे रुग्णाला क्रमांकाने ओळखण्याची शिस्त आधीपासून आहे, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशी माहिती बाळगणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर तिच्या रक्षणाची जबाबदारीच टाकली. तो कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. म्हणजे तेच आरोग्य खातं, तीच माणसं, तेच फोन, तरी एका आजाराच्या बाबतीत तोंड आवळलेलं आणि दुसऱ्याच्या बाबतीत सैल. फरक माणसांच्या स्वभावात नाही. एका कामाची आखणी करताना गुप्ततेचा विचार झाला होता, दुसऱ्याची करताना झाला नाही, एवढंच.

रुग्णालयांतला व्यवहार याहून गुंतागुंतीचा आहे, आणि तिथे सरसकट बंदीची भाषा मला पटत नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय अशी दोन मोठी शिक्षण-रुग्णालयं या एका जिल्ह्यात आहेत. आसपासच्या जिल्ह्यांतलेही रुग्ण तिथे येतात. कस्तुरबा रुग्णालयात दोन दशकांपूर्वी सी-डॅकच्या मदतीने रुग्णांच्या नोंदींची संगणक-पद्धत आली. ग्रामीण रुग्णालयासाठी तो मोठा पल्ला होता. अशा पद्धतीत प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड देता येतो, कोणी काय उघडलं याची नोंद राहते. पण रात्री दोन वाजता छातीत कळ आलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात पोचतो, तेव्हा तिथला तरुण डॉक्टर ईसीजीचा फोटो काढून वरिष्ठाला व्हॉट्सॲपवरच पाठवणार. पाठवावाच. केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनीही अशा साधनांवरून सल्ला द्यायला मुभा दिली आहे, रुग्णाच्या गोपनीयतेची जबाबदारी डॉक्टरवर ठेवून. प्रश्न फोटोच्या वरच्या पट्टीचा आहे, जिथे नाव, वय आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ती पट्टी अंगठ्याखाली झाकली की काम भागतं. फोटो एकाच माणसाला, एकदाच उघडेल असा पाठवता येतो. हे अंगवळणी पडायला फार दिवस लागत नाहीत. तोच ईसीजी नंतर ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून बॅचमेट्सच्या ग्रुपवर फिरवणं मात्र गरजेत मोडत नाही. तिथे संयमच हवा.

वर्ध्याच्या सरकारी दप्तरात याहूनही नाजूक एक कागद असतो. शेतकरी आत्महत्यांमुळे दिलेल्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले सहा जिल्हे होते, त्यात वर्धा एक. शेतकऱ्याने आत्महत्या केली की चौकशी होते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये. नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा या गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, म्हणून चौकशीत घराचं सगळं उकरलं जातं: कर्ज कुणाचं, किती थकलं, दारू होती का, आजार होता का, भावाभावांत वाद होता का. तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, हे सारं लिहायचं. समितीसाठी तो कागद आवश्यकच आहे. पण त्याचा गोषवारा जेव्हा एका तक्त्यात बसून मृताच्या बायकोच्या नावासह आणि ‘अपात्र: व्यसनाधीनता’ अशा शेऱ्यासह ग्रुपवर उतरतो, आणि तिथून कुणाच्या तरी हातून पुढे सरकतो, तेव्हा त्या बाईला नवऱ्याच्या मरणानंतर गावापुढे पुन्हा एकदा उभं केलं जातं. आकडेवारी जाहीर व्हायलाच हवी. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न झाकून ठेवावा असं मी म्हणत नाही. तालुकानिहाय संख्या, पात्र-अपात्रतेचं प्रमाण, विलंब किती झाला, हे सगळं सांगावं. ते सांगायला नावांचा रकाना लागत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले तेव्हा हेच सगळं मोठ्या प्रमाणावर घडलं. अर्ज ‘नारीशक्ती दूत’ ॲपवर. भरून देणाऱ्या अंगणवाडी सेविका, आशा, सेतू केंद्रवाले. एका अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन भत्ता. नेट चालेना, म्हणून बायकांनी आधार, रेशनकार्ड, पासबुक यांचे फोटो सेविकेच्या वैयक्तिक नंबरवर पाठवले; ‘रात्री नेट आलं की भरते’. सेविकांनी खरोखर रात्री जागून अर्ज भरले. पण काम झाल्यावर ते फोटो पुसा, असं त्यांना कुणी सांगितलं? फोन सरकारचा की स्वतःचा, त्याला कुलूप काय, तो विकला तर काय, हे प्रश्न योजना आखताना कुणाच्या टेबलावर आले नाहीत. गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांतल्या संगणकांचीही तीच गत. डेस्कटॉपवर कुणाकुणाची आधारकार्डं पत्त्यांसारखी पसरलेली असतात.

सेवा देणाऱ्याच्या उत्साहातून काय होतं ते देशाने २०१७ च्या मार्चमध्ये पाहिलं. महेंद्रसिंह धोनीचं आधारचं काम केल्याच्या आनंदात त्याच्या अर्जावरची माहितीच ट्विटरवर झळकली. त्याच्या पत्नीने जाहीर तक्रार केली आणि त्या केंद्राला दहा वर्षं काळ्या यादीत टाकण्यात आलं. त्याच वर्षी सरकारने लोकसभेत सांगितलं की केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांकांसह दिसत होत्या. त्यासाठी कुणाला काळ्या यादीत टाकल्याचं माझ्या वाचनात नाही. पुढे मे २०२२ मध्ये आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार द्या, असं प्रसिद्धिपत्रक निघालं, आणि गैरसमज होतोय म्हणून दोन दिवसांत मागेही घेतलं गेलं. सूचना चांगली होती. ती पाळायला तयार असलेलं एकही ऑफिस तेव्हा नव्हतं, ही खरी अडचण.

बाहेरच्या जगात तरी चित्र वेगळं आहे का? नाही. साधनं महाग आणि चुका त्याच. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिस्बेनला जी-२० परिषद भरायची होती. ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशन खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने ३१ राष्ट्रप्रमुखांचे पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारखा असलेली मेल धाडली. पत्त्याच्या चौकटीत पहिली अक्षरं टाइप केल्यावर आउटलुकने सुचवलेलं नाव न बघता स्वीकारलं, आणि मेल पोचली आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांकडे. त्या यादीत आपले पंतप्रधानही होते. ज्यांची माहिती गेली त्यांना कळवायची गरज नाही, असं खात्याने ठरवलं होतं. चार महिन्यांनी वर्तमानपत्राने ते बाहेर काढलं. लंडनच्या एका दवाखान्याने सप्टेंबर २०१५ मध्ये एचआयव्ही सेवेशी संबंधित सुमारे ७८० जणांना वार्तापत्र पाठवलं, पण पत्ते ‘बीसीसी’ऐवजी ‘टू’च्या रकान्यात टाकले. प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसले. १ लाख ८० हजार पौंड दंड झाला.

आपल्याकडच्या माहिती अधिकाऱ्यांनी भिंतीवर लावावा असा धडा उत्तर आयर्लंडचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या पोलीस दलाकडे माहितीच्या अधिकारात साधा प्रश्न आला: कोणत्या हुद्द्यावर किती माणसं आहेत? उत्तराची एक्सेल फाइल संकेतस्थळावर चढली. वरच्या पानावर फक्त आकडे होते. पण ज्या मूळ तक्त्यावरून ते काढले, तो फाइलमध्येच लपवलेल्या पानावर राहिला होता, साडेनऊ हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या नावांसह. जिथे पोलीस असल्याचं शेजाऱ्यालाही सांगत नाहीत अशा भागात. साडेसात लाख पौंड दंड झाला, पण तिथल्या कुटुंबांच्या जिवाला जो घोर लागला त्याचं मोल त्यात येत नाही. ब्रिटनच्या संरक्षण खात्यातून फेब्रुवारी २०२२ मध्ये आश्रय मागणाऱ्या सुमारे १९ हजार अफगाणांची यादी अशीच बाहेर गेली. पाठवणाऱ्याला वाटलं होतं आपण थोडीच नावं पाठवतोय. एक्सेलमध्ये रांगा लपवल्या म्हणजे पुसल्या असं होत नाही, आणि पीडीएफमध्ये मजकुरावर काळी पट्टी ओढली तर बऱ्याचदा खालची अक्षरं कॉपी करता येतात. आकडे द्यायचे तर नवी कोरी फाइल उघडून त्यात फक्त आकडे चिकटवावेत. एवढी एक सवय लागली तरी आपल्या कितीतरी ऑफिसांतली भोकं बुजतील.

वर्धा जिल्ह्यातल्याच पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराबद्दल फार लिहायचं कारण नाही. तिथली शिस्त वेगळी, कायदा वेगळा. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना ८९ ॲप्स फोनमधून काढायला सांगितली. इतकं कडक होणं नागरी ऑफिसांना परवडणारं नाही, आणि लागतही नाही.

कच्च्या मसुद्यांचं काय होतं, हा धडा मात्र वर्ध्याला जुना आहे. एप्रिल १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणी अलाहाबादला बसली तेव्हा गांधीजींनी ठरावाचा मसुदा सेवाग्रामहून मीराबेनबरोबर पाठवला. चर्चेत तो बदलला गेला. पण आधीचा मसुदा आणि चर्चेची टिपणं काँग्रेसच्या कचेरीत राहिली. मे महिन्यात पोलिसांच्या धाडीत ती हाती लागली आणि मुंबईच्या अधिवेशनाच्या तोंडावर, ऑगस्टच्या सुरुवातीला, सरकारने ती छापली. ही टिपणं अधिकृत नाहीत, असं नेहरूंना सांगावं लागलं. इकडे सरकारचंही गुपित फुटलं: काँग्रेसच्या वर्ध्यातल्या जुलैमधल्या ठरावाविरुद्ध जनमत कसं तयार करायचं हे प्रांतांना कळवणारं, पकल या सरकारी अधिकाऱ्याचं गुप्त परिपत्रक गांधीजींच्या हाती आलं आणि त्यांनी ते जाहीर करून टाकलं. यातलं काहीच अपघाती नव्हतं. पण न सुधारलेलं टिपण अंतिम कागदाइतकंच बोलतं आणि ठेवलेला कागद कधीतरी बाहेर येतोच, हे दोन्ही बाजूंना तेव्हाच कळलं. आज बैठकीचा कच्चा मजकूर चाळीस जणांच्या ग्रुपवर ‘दुरुस्त्या सुचवा’ म्हणून टाकणाऱ्यांना ते ठाऊक असावं.

आता कायदा. अनेकांचा समज आहे की नकळत झालेली चूक कायद्यात बसत नाही. ते खरं नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या भंगाची व्याख्या करतानाच अपघाताने उघड होणं त्यात धरलं आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. तेव्हापासून माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला विनाविलंब कळवावं लागेल आणि संरक्षण मंडळाकडे ७२ तासांत तपशील द्यावा लागेल. पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. आकडा ऐकून धडकी भरते, पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जाणार. आपल्या आर्वीच्या किंवा समुद्रपूरच्या बाईची माहिती फुटली तर तिच्या हातात काय? माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं ४३-अ हे कलमही वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. हा त्यातला मोठा दोष आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी उणीव कागदाची. हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागतो. रजिस्टराचा फोटो काढला की कायद्याच्या कक्षेत, रजिस्टर रद्दीत विकलं तर बाहेर. शेंगदाण्याच्या पुडीवर कुणाची गुणपत्रिका किंवा रक्ताचा रिपोर्ट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलेला असतो.  

याच कायद्याने माहिती अधिकारातल्या व्यक्तिगत माहितीच्या कलमात बदल केला आणि तो नियमांसोबतच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, लागूही झाला. इथे सावध राहायला हवं. गळती रोखण्याच्या नावाखाली ठेकेदाराचं बिल, अधिकाऱ्याचा प्रवासभत्ता, घरकुलाच्या यादीतले बनावट लाभार्थी झाकले गेले, तर तो गोपनीयतेचा विजय नव्हे. नाव आणि मिळालेली रक्कम जाहीर करणं वेगळं. खाते क्रमांक, आधार आणि आजार चव्हाट्यावर मांडणं वेगळं. हा भेद करायला कायद्याची पदवी लागत नाही.

राज्य सरकारने २८ जुलै २०२५ ला कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल सूचना काढल्या. गोपनीय कागद पूर्वपरवानगीशिवाय पुढे पाठवू नयेत, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, असं त्यात आहे. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम वापरायला मात्र मुभा आहे. ते वास्तवाला धरून आहे. पण नियम आज्ञा देतात खाली, आणि मागणी येते वरून. ‘पाठवू नका’ म्हणणारं पत्र आणि ‘चार वाजेपर्यंत पाठवा’ म्हणणारा मेसेज एकाच फोनवर आले, तर लिपिक कुणाचं ऐकेल?

मोठ्या कंपन्या ‘डीएलपी’ नावाची सॉफ्टवेअर बसवतात. मेलमध्ये बारा आकडी आधार किंवा पॅन दिसला की ती अडवते, विचारते. बँकांना ती हवीच. पंचायत समितीत मात्र ती फारशी उपयोगाची नाही, कारण तिथली गळती सरकारी मेलमधून होत नाही, स्वतःच्या फोनमधून होते. तिथे फुकटातल्या गोष्टी कामाच्या: जीमेलमध्ये पाठवलेली मेल ३० सेकंदांपर्यंत परत खेचता येते, ती मुदत वाढवून ठेवणं, व्हॉट्सॲपवर चुकलेला मजकूर सुमारे अडीच दिवसांच्या आत सगळ्यांसाठी पुसणं, फोटो आपोआप गॅलरीत उतरणं बंद करणं, गूगल शीटची लिंक ‘कुणालाही उघडेल’ अशी न ठेवणं, बदली-निवृत्तीच्या आदेशासोबतच ग्रुपमधून नाव काढणं. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटाची चावी असते, शिक्के असतात. ग्रुपची ॲडमिनशिप आणि ड्राइव्हचा पासवर्ड त्याच यादीत आले पाहिजेत.

एआयची नवी भर आहेच. पत्राचा मसुदा नीट करून दे म्हणून अख्खी तक्रार, नावा-गावासकट, चॅटजीपीटीत चिकटवली जाते. सॅमसंगच्या अभियंत्यांनी २०२३ मध्ये कंपनीचा गुप्त कोड असाच त्यात घातला, मग कंपनीने बंदी आणली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसच्या संगणकांवर अशी साधनं टाळायला सांगितलं. बंदी किती टिकेल याची मला शंका आहे. इंग्रजी पत्राची धास्ती असलेला बाबू ती वापरणारच. निदान नाव, क्रमांक आणि गाव काढून मगच मजकूर घाला, एवढं तरी प्रशिक्षणात शिकवावं.

आणि चूक झालीच तर? बहुतेक ठिकाणी नोटीस निघते, ती सगळ्यात खालच्या माणसाला. परिणाम असा की पुढची चूक कुणी सांगत नाही. सायबर घटनांसाठीच्या ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांत सहा तासांच्या आत कळवा असं म्हटलं आहे. शिक्षेच्या भीतीने जो पहिला दिवस लपवण्यात घालवतो, तो सहा तासांत काय कळवणार? स्वतःहून ताबडतोब सांगणाऱ्याला दंड नाही, लपवणाऱ्याला आहे, असा साधा नियम प्रत्येक कार्यालयाने लेखी करावा.

एवढं सगळं तपासल्यावर माझा कौल असा: प्रशिक्षण, परिपत्रकं, सॉफ्टवेअर या साऱ्यांचा थोडाथोडा उपयोग आहे, पण चूक होण्याची जागा काढून टाकणारा उपाय एकच दिसतो. कमी माहिती मागणं. जी यादी मागितलीच नाही ती चुकीच्या ग्रुपवर जाऊ शकत नाही. म्हणून विनंती पाठवणाऱ्यांना नाही, मागणाऱ्यांना आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातले, जिल्हा परिषदेतले, शिक्षण आणि आरोग्य विभागातले, बँकांच्या विभागीय कचेऱ्यांतले जे जे ‘अतितात्काळ’ लिहितात, त्यांनी पुढचं प्रपत्र खाली सोडण्यापूर्वी त्यातला प्रत्येक रकाना कशासाठी आहे ते स्वतःच्या अक्षरात समोर लिहावं, आणि ज्याच्यासमोर काही लिहिता आलं नाही तो रकाना खोडून टाकावा.